याडीचा ढावलो

बोरी अरब,
मार्च १९६७

प्रिय लाली,

हे पत्र एकटीने वाच. कोणाकडून वाचून घेऊ नकोस. तुझी वाचायची सवय मोडली असेल म्हणून अक्षर मोठं काढलंय, त्यामुळे पानं वाढली. तिसरीत असताना तुला शाळेतून काढलं तेव्हा तू ओळीखाली बोट ठेवून वाचायचीस. तसंच वाच. मला लिहायला सहा वर्षं लागली, तुला वाचायला दोन दिवस लागले तरी चालतील.

एक गोष्ट आधीच लिहून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहिण्यात पानं संपतील आणि ती राहूनच जाईल. तुझ्या लग्नात तुझं आणि तुझ्या आईचं, आपल्या याडीचं, जे तुटलं ते माझ्यामुळे तुटलं. तुला हे ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तिसऱ्या कोणाला सहा वर्षं ठाऊक नव्हतं. त्यातलं काही जोडता येतं का, एवढ्यासाठी मी बसलेय. पण एकदम तिथे हात जात नाही. थोडं मागून यावं लागेल.

इकडे मोहाची फुलं पडायला लागलीत. शाळेत मला दुसरीचा वर्ग दिलाय आणि तांड्यावरच्या तीन मुली येतात. त्यातली एक तुझ्या चुलत काकांची नात, फुली. पाटीवर लिहिताना जीभ बाहेर काढते, अगदी तुझ्यासारखी. परवा उशिरा आली, ओच्यात मोहाची फुलं. मी रागवायला तोंड उघडलं आणि काय आठवलं सांगू? आपण दोघी उजाडायच्या आत नाल्यापलीकडे जायचो, आणि झाडाखाली पोचल्यावर तू आधी वेचायची नाहीस, आधी उभं राहून ऐकायचीस. फूल पडतं त्याचा आवाज येतो म्हणायचीस. मला कधी आला नाही. मी फुलीला रागवले नाही. फुलं खिडकीत वाळत घातली आणि वर्गभर तो गोड वास दिवसभर राहिला.

तुमचा तांडा आणि आमचं गाव यांच्यात एक नालाच काय तो होता. आई माझ्या वेळच्या बाळंतपणात तापाने फणफणली, अंगावर दूध नाही. वेचणीचे दिवस होते. याडी आमच्या वावरात कापूस वेचायला आलेली, तू तीन महिन्यांची, बाभळीच्या फांदीला झोळीत. बाबा बांधावर गेले आणि हात जोडून उभे राहिले. याडीने ही गोष्ट आयुष्यभर सांगितली, बाबांच्या तोंडावर सांगितली. “म्या म्हनलं, सदाशिवराव, हात कायले जोडता? देवानं दोन देल्ले हायेत ना मले. एक इले, एक तिले.” आणि बाबा लाजून तंबाखूची चंची शोधायला लागायचे. मी बोलायला लागले ती आईला आई आणि रामीबाईंना याडी म्हणत. मोठी होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांनाच एक आई असते आणि एक याडी असते.

पण तू आमच्या ओट्यापर्यंतच. तुझं पाणी वेगळ्या गडव्यात. मी मात्र तुमच्या चुलीपाशी जाऊन बसायचे आणि याडी तव्यावरची पहिली बाटी मला द्यायची. ज्वारीची ती जाड भाकर, वर मिरचीचा ठेचा. तू भांडायचीस, “पयली तिलेच काहून?” याडी म्हणायची, “ती पाव्हनी हाय, तू घरची हायेस.” आता वाटतं, तू ‘घरची’ या एका शब्दावर किती भाकरी सोडल्यास!

भुलाबाईच्या दिवसांत मात्र तू ओट्यावरूनच आम्हाला हरवायचीस. गाणी संपली की आई खिरापतीचा डबा हलवायची, काय आहे ते ओळखायचं. मुली डाळ्या म्हणत, मुरमुरे म्हणत. तू डोळे मिटून, डोक्यावरची ओढणी सारखी करून म्हणायचीस, “तिळाची वडी.” आणि तिळाचीच वडी निघायची. सगळ्यांना वाटायचं हिला काहीतरी कळतं. तू मागच्या न्हाणीच्या खिडकीखाली उभी राहून वास घेऊन यायचीस, हे फक्त मला माहीत होतं, आणि मी कधी कोणाला सांगितलं नाही. त्या वयात मला तुझी गुपितं ठेवता येत होती. तुझ्यासाठी ठेवत होते, माझ्यासाठी नव्हे. हा फरक मला फार उशिरा कळला.

आणि तो नकाशा आठवतो? आपण दहा वर्षांच्या होतो. गुरुजींनी भिंतीवरचा जुना नकाशा काढला आणि सांगितलं की आजपासून आपण मध्य प्रदेशात नाही, मुंबई राज्यात. तू तेव्हा शाळेत नव्हतीस, पण बकऱ्या घेऊन खिडकीशी उभी होतीस. धावत जाऊन याडीला सांगितलंस. याडी शेणाच्या गोवऱ्या थापत होती. म्हणाली, “मंग नाला कोनत्या राज्यात गेला? पानी कुठून आनाचं ते इचार मास्तरले.”

पाण्याचं निघालं म्हणून आता तिथेच येते. उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत झिरा खणायचा, वाटीवाटीने घागर भरायची. घागर भरेपर्यंत वेळ जायचा नाही. त्या वेळात आपण तो खेळ काढला.

तुझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी काढला. मी पहिल्यांदाच तांड्यातलं लग्न पाहत होते. नवरी तोंडावर ओढणी घेऊन एकेकीच्या गळ्यात पडत होती आणि सूर लावून रडत होती. शब्द होते, चाल होती, रडणंही होतं. मी घाबरून याडीच्या घागऱ्याचा, फेटियाचा, घोळ धरला आणि विचारलं, हिला कोणी मारलं का? याडी हसली. “मारलं नाही वो. ती बोलून राह्यली. याले ढावलो म्हनते. ज्याच्या गळ्यात पडली त्याचं काय काय आठोते ते सांगून राह्यली. सगळ्यांचं झालं का शेवटी मायचं. मंग माय तिले सुरातच जवाब देते, मंगच पोरगी सासरी जाते.” मी विचारलं, आणि जवाब नाही दिला तर? याडी म्हणाली, “असं होतच नाही.”

मग झिऱ्यापाशी आपण नवरी-नवरी खेळायला लागलो. एकमेकींच्या गळ्यात पडायचं, ढावलो म्हणायचा, आणि जी आधी हसेल तिने दोन्ही घागरी वडापर्यंत न्यायच्या. तू काय काय बनवायचीस! “माझ्या बकरे, तुला सोडून मी कशी जाऊ, तू माझी ओढणी खाल्लीस.” मी दरवेळी हरायचे. तुझा श्वास मानेला लागला, तुझा तो पहिला सूर निघाला की माझ्या पोटातून हसू उठायचं. चार उन्हाळे मी तुझ्या घागरी वाहिल्या. लाली, मी सबब सांगत नाही. पण हे तुझ्या लक्षात असू दे की चार उन्हाळे माझ्या अंगाला तेवढं एकच वळण पडलं होतं.

दुसरीही एक गोष्ट तुझ्या लक्षात असेल, आणि मला वाटतं तीच तुला जास्त लागली. आमची विमलआत्या आली होती. तांड्यात लग्न चालू होतं, वाऱ्यावर आवाज येत होता. आत्या म्हणाली, “रडनं होय का गानं होय वो हे? पेटी-तबला तं आना म्हना कोनीतरी!” घरभर हशा झाला. मीही हसले. हसून वळले तर तू ओट्यावर बसलेली. गडवा पालथा घातलास आणि गेलीस.

तुझं लग्न ठरलं ते एकसष्टच्या होळीआधी. पंधरा वर्षांची होतीस. दोन महिने दुपारी याडी तुला समोर बसवून ढावलो शिकवायची, आणि मी सुट्टीच्या दिवशी येऊन तुझ्या काचा टाकलेल्या चोळीला, कांचळीला, दोरे भरत ऐकत बसायचे. भावाचा, काकीचा, शेजारणीचा. आईचा ढावलो मात्र याडी शिकवेना. म्हणाली, “तो शिकवाचा नसते. त्या दिवशी आपोआप येते.” तू हट्ट धरलास तेव्हा तिने फक्त चाल गुणगुणून दाखवली, आणि मध्येच उठून बकरीला हाकलायला गेली. तिथे बकरी नव्हती.

लग्नाच्या सकाळी तू एकेकीच्या गळ्यात पडत आलीस. रूपसिंगचं झालं; एवढा थोरला भाऊ, पागोटं तोंडाला लावून मुसमुसत होता. काक्यांचं झालं. याडी सगळ्यात शेवटी उभी होती, आणि तिच्या आधी तू मला घेतलंस. मला वाटलं नव्हतं. मी गावातली, रांगेत कुठेतरी मागे उभी होते. तू ओढून घेतलंस, तुझी ओढणी माझ्या डोक्यावरून आली, आत आपण दोघीच. तू सूर लावलास. एका झोळीत झोपलो म्हणालीस, एका पदराखाली प्यालो म्हणालीस, मग म्हणालीस, आता तुझी घागर कोण उचलेल. माझे डोळे भरले होते, लाली. आणि माझ्या तोंडून जे बाहेर आलं ते हसू होतं. बारीक, फुसकन. रडू यायला लागलं की माझं अंग हसायलाच शिकलेलं होतं.

बाहेर इतका कालवा होता की कोणाला ऐकू गेलं नाही. तुला गेलं. तुझा सूर तुटला. तू ओढणी बाजूला केलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि पुढे याडीसमोर जाऊन नुसती उभी राहिलीस. याडीने हात पसरले होते. वरपक्षाच्या बायका कुजबुजल्या, मुकी नवरी दिली काय आम्हाला? याडीने तुझे खांदे धरून हलवले. “रड वो! माय मेली काय तुही, का आवाज निंघून नाही राह्यला?” तू नाही रडलीस. तुला बैलावर उभं केलं, तिथून गावाला निरोपाचं गाणं म्हणायचं असतं, तिथेही ओठ मिटलेले. तांड्याने असं कधी पाहिलं नव्हतं. बैल हलला, आणि याडीचे हात अजून तसेच होते.

नागपंचमीला रूपसिंग तुला आणायला निघाला तेव्हा याडीने त्याला वेशीवरून परत बोलावलं. “जी मायच्या गळ्यात नाही पडली, तिनं माह्या दारात पाय नको ठेवू.” हा निरोप तुझ्यापर्यंत पोचला हे मला नंतर कळलं. तू उलट एक शब्द पाठवला नाहीस. ‘माला हसली’ एवढे दोन शब्द पाठवले असतेस तरी पुरे होते. तू माझं नाव घेतलं नाहीस. का घेतलं नाहीस, लाली? माझ्यावर इतकी रागावली होतीस, का मला वाचवत होतीस? मी याचा पुष्कळ विचार केलाय, आणि दोन्ही उत्तरांनी मला तेवढीच लाज वाटते.

पुढच्या वेचणीला याडी आमच्या वावरात होती. मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले. तिने ओटीतला कापूस खाली ठेवला आणि सरळ विचारलं, “माले, माह्या आधी ती तुह्या गळ्यात व्हती. तुले काही बोल्ली काय वो? माह्यावर कायचा राग व्हता तिचा?” मी म्हणाले, “नाही याडी, काही नाही बोलली.” एवढंच. या एका ओळीवर मी सहा वर्षं काढली. मी भित्री होते हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तू गेल्यावर याडी मला दुप्पट जपायला लागली. यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले तर रूपसिंगबरोबर बाट्या बांधून पाठवायची. सणाला मलाच चोळी. आपली लेक गर्वाची निघाली, माला गरीब स्वभावाची, असं चारचौघींत म्हणायची, आणि मी खाली मान घालून ते ऐकून घ्यायचे. तुझ्या वाट्याचं माझ्या ताटात पडत होतं आणि मी जेवत होते.

या वेचणीत ती फार खोकत होती. पायांना सूज. दारव्ह्याच्या डॉक्टरकडे बैलगाडीतून नेलं. त्यांनी यवतमाळला न्यायला सांगितलं, ती नाही म्हणाली. शाळा सुटली की मी रोज तिच्यापाशी जात होते. एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, उन्हात बाज टाकून ती पडली होती आणि मी तिच्या पायाला तेल लावत होते. ती म्हणाली, “तूच खरी माही लेक.” मग मात्र मला हात चालवता येईना. मी सगळं सांगितलं. झिरा, घागरी, ओढणी, हसू, आणि वावरातलं ते खोटंही.

तिने माझ्याकडे कूस वळवली. नंतर म्हणाली, “हासली म्हंजे कशी? हासून दाखव.” मी म्हटलं, याडी, नको. “दाखव म्हनलं ना!” मी प्रयत्न केला. तोंड वाकडं झालं, आवाज निघाला तो कसलासाच, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती टक लावून बघत होती. “असं व्हतं काय? अवं, हे तं रडनंच व्हतं. लहान होत्या दोघी, तिले नाही समजलं.” मला वाटलं सुटले. तेवढ्यात ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “हासली ते जाऊ दे. पन सहा वर्सं गप राह्यली ते काय व्हतं वो?” मी तेलाची वाटी झाकली. याचं उत्तर मला तुलाही देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर तिने मला बसायला सांगितलं, बाटीही द्यायला लावली, पण पायांना मात्र मला हात लावू दिला नाही.

रूपसिंगला तिने मी सांगितलं त्याच संध्याकाळी आर्णीकडे धाडलं, तुझ्या सासरच्या तांड्यावर. तुम्ही सगळे पुसदच्या पलीकडे रस्त्याच्या खडीच्या कामावर गेलेले, ठेकेदाराचा पत्ता तेवढा मिळाला. तो माघारी आला तोपर्यंत पाच दिवस झाले होते. लाली, याडी गेली. तू येशील म्हणून तिने बाज दारातून हलवू दिली नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, “उठवून बसव. पोरगी येऊन नाही राह्यली, तिचं मीच म्हनून घेतो.” आणि तिने तुझा ढावलो म्हटला. आईच्या गळ्यात पडून लेकीने म्हणायचा तो, तुझ्या तोंडचा, तुझं नाव घेऊन, स्वतःलाच. आवाज फाटत होता. मग थोडी थांबली, घोटभर पाणी प्याली, आणि आईचा जवाब दिला. दुपारी ती गेली. तो जवाब तुझा आहे, आणि ऐकायला मी एकटी होते, म्हणून हे पत्र. तुमच्या बोलीत मला नीट लिहिता येत नाही, अर्थ लिहिते. ती म्हणाली, जा बाई, चूल विझली म्हणून मागे पाहू नको, राख मी काढीन. वासरू हंबरलं तर सांगीन, लाली पाण्याला गेलीय, येईल. तू रडली नाहीस म्हणून मी रागावले, आता तो राग मी बरोबर नेते, तुझ्यासाठी ठेवत नाही. तुझी लेक तुझ्या गळ्यात पडेल तेव्हा तू तिला सांग... इथे तिला धाप लागली. पुढची ओळ तिने म्हटली, पण मला कळली नाही, आणि जे मी ऐकलं नाही ते बनवून लिहिणार नाही. ती ओळ तुझी तुलाच लावावी लागेल.

तुझीच,
माला